वाण पोचलं कुणाला

संक्रांतीला केतकी वाटवेने मिरजेतल्या चौतीस बायकांना चहाच्या स्टीलच्या गाळण्या लुटल्या होत्या. सासूबाईंच्या हौसेखातर प्रत्येक गाळणीच्या दांड्यावर मशीनने नावही घालून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी ती ब्राह्मणपुरीत एका हळदीकुंकवाला गेली, हातात वाण पडलं आणि बघते तर काय, तीच गाळणी, दांड्यावर तिचंच नाव. देणारीने वाचून बघायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. घरी येऊन केतकी हसून हसून लोळली. नवऱ्याला म्हणाली, "तीन वर्षं फिरली रे बिचारी, पण चहा काही तिच्यातून एकदाही गाळला गेला नाही."

हसू फार दिवस टिकलं नाही, कारण पुढच्या काही महिन्यांतच तिच्या गेमचं नेमकं हेच झालं.

केतकी गेम बनवायची. एकटीच. पुण्याच्या एका कंपनीत चार वर्षं दुसऱ्यांच्या गेममधली झाडं आणि दगड रंगवून तिला वीट आला, तेव्हा ती लग्न करून मिरजेला आली आणि स्वतःचा गेम करायला बसली. बसली ती सहा वर्षं. गेमचं नाव 'जवारी'.

जवारी म्हणजे काय हे मिरजेत कुणाला सांगावं लागत नाही, पण मिरजेबाहेरही माणसं राहतात, तेव्हा सांगतो. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर आवाज येतो तो कोरडा, ठणठणीत. ती तार ज्या घोडीवरून जाते, त्या घोडीचा माथा कानशीने इतक्या हलक्या हाताने घासायचा की तार त्याला जेमतेम शिवावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी आवाज एकदम खुलतो, भरून येतो आणि तारेतून गुणगुण निघायला लागते. ती जवारी. ती जागा कुठली, हे फूटपट्टी सांगत नाही. कान सांगतो.

केतकीच्या गेममध्ये तुम्हाला एक मोडका तंबोरा मिळायचा. तो साफ करायचा, भोपळ्याची चीर सांधायची, घोडी बसवायची, चार तारा चढवायच्या, आणि शेवटी बोटाने तो दोरा सरकवत ऐकत राहायचं. तुम्हाला वाटलं जागा सापडली, की 'झालं' म्हणून बटण दाबायचं. मग गिऱ्हाईक येऊन तंबोरा घेऊन जायचं. गेम पुढे काही बोलायचा नाही. गुण नाहीत, तारे नाहीत, शाबासकी नाही.

ही अट मेहबूबचाचांची. चाचा तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतले जुने कारागीर. सहा वर्षं केतकी त्यांच्या दुकानात माइक लावून बसली आणि त्यांच्या हाताखालच्या तारांचे चार हजारांवर आवाज तिने टिपून घेतले. चाचांनी कशालाच नाही म्हटलं नाही. फक्त पहिल्याच दिवशी त्यांनी कानस खाली ठेवली होती.

"पोरी, बरोबर की चूक, हे तुझ्या खेळानं सांगायचं नाही. माझ्या उस्तादानं मला बारा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो असतो. तार ऐकली नसती."

"नाही सांगणार, चाचा," केतकी म्हणाली, आणि सहा वर्षं तिने तो शब्द पाळला.

आता गेम तयार झाला म्हणून तो लोकांपुढे जातो असं थोडंच आहे. रोज शेकड्याने नवे गेम येतात, त्यात तुमचा दिसणार कुणाला? म्हणून छोटे गेमवाले सुरुवातीला काही प्रती फुकट वाटतात. प्रत म्हणजे एक कोड; तो टाकला की गेम तुमचा. दहा जणांनी खेळावं, चार जणांशी बोलावं, त्यातून आणखी यावेत, इतकीच अपेक्षा. केतकीने तीनशे कोड वाटायला काढले. अकरा मिनिटांत सगळे संपले. तिने शेजारपाजारी पेढे वाटले.

दोन महिन्यांनी तिने आकडे बघितले आणि कपाळाला हात लावला. तीनशेंपैकी गेम उघडला होता नऊ जणांनी. पहिली तार चढेपर्यंत टिकले होते दोन. बाकीचे कोड काही नेटवर फुकटच्या वस्तू हुंगत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांनी गिळले होते, काही परस्पर दुसऱ्या बाजारात गेले होते आणि उरलेले अशा लोकांकडे होते, ज्यांच्या खात्यात दोन-दोन हजार गेम पडलेले असतात आणि आणखी एक पडला याचंच त्यांना सुख असतं.

ती चार दिवस नीट जेवली नाही. कौस्तुभने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पाचव्या दिवशी तिच्यासमोर ताट आणून ठेवलं.

"मला गर्दी नकोच आहे रे," ती म्हणाली. "दहाच माणसं मिळू देत. पण ती खेळणारी असू देत."

"मिळतील," कौस्तुभ म्हणाला. "जेव तू. मी बघतो."

आणि त्याने बघितलं, हे मान्य करायलाच हवं.

कौस्तुभ मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी उपकरणं बनवायचा. अजून बोलता न येणाऱ्या मुलांना काय दिसतं आणि काय नाही, हे त्यांच्या डोळ्यातली बाहुली कशी लहानमोठी होते त्यावरून ओळखणारा कॅमेरा त्याने तयार केला होता. त्या कामात त्याच्या लक्षात आलं की बाहुली फक्त उजेडाला भुलत नाही. समोर हवीशी वस्तू आली की तीही मोठी होते.

यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या वाटांनी चालतात. श्रीखंड फार आवडतं म्हणणारा माणूस अर्धी वाटी टाकून उठतो आणि तंबाखू सोडायचीय म्हणणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. विचारलं तर माणूस आवड सांगतो, कारण ओढीचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. पण ओढ लागली की मेंदू येणाऱ्या सुखाची आगाऊ तयारी करतो. तेव्हा बाहुली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी मोठी होते, पडद्यावरचा अंगठा किंचित आधी हलतो, श्वास अर्धा क्षण थबकतो. दोन हजार तीसनंतरच्या कुठल्याही फोनच्या कॅमेऱ्याला हे टिपता येतं. या तिन्हींची सांगड घालून कौस्तुभने शून्य ते शंभर असा एक आकडा काढला आणि त्या प्रोग्रॅमला नाव दिलं ओढमापी.

गेम हवा असणाऱ्याने कॅमेऱ्याला परवानगी द्यायची आणि चाळीस सेकंदांची झलक बघायची. आकडा सत्तरच्या वर गेला तरच कोड. प्रोग्रॅमला बाहुली नसते, त्यामुळे फुकटे आपोआप गळाले. दुसऱ्यांच्या बारा गेमवर कौस्तुभने ते तपासून बघितलं. सत्तरच्या वरच्या दहांतले नऊ जण गेम शेवटपर्यंत खेळत होते. त्याने वेबसाइट उभी केली आणि केतकीने तिचं नाव ठेवलं 'वाण'.

२०३४ च्या संक्रांतीला 'जवारी'चे पाचशे कोड ठेवले. दोन हजार तीनशे चाळीस माणसांनी झलक बघितली. पाचशेंना कोड गेले, बाकीच्यांना नम्र नकार गेला. आणि फेब्रुवारी संपायच्या आत पाचशेंपैकी चारशे सत्त्याऐंशी जणांनी गेम पुरा केला.

केतकीने तो आकडा तीनदा वाचला. मग पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, ऑफिसातून घरी कधी जातो असं होतं. कुणी लिहिलं, चौथा तंबोरा लागला तेव्हा मी रडले. केतकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाकीचे गेमवाले 'वाण'च्या दारात रांग लावून उभे राहिले. बंगळूरच्या एका कंपनीचे लोक कौस्तुभशी ओढमापीबद्दल बोलायला दोनदा येऊन गेले. केतकी आईला फोनवर म्हणाली, "इतकं कुणी कुणासाठी करत नाही गं."

नोव्हेंबरात एका दुपारी मेहबूबचाचांचा फोन आला. एरवी ते फोन करायचे नाहीत.

"दुकानात ये," ते म्हणाले. "एक बाई आल्यात. मला काय काय बोलायला सांगतायत."

केतकी गेली. दुकानात इचलकरंजीच्या एका बँकेत अधिकारी असलेल्या पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. उस्तादांना एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्या रजा टाकून आल्या होत्या. केतकीने ओळख सांगितली तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"मी यांना एवढंच म्हणत होते की एकदा तोंडाने 'वा बेटा' म्हणा," त्या म्हणाल्या. "ते ऐकायलाच तर मी रोज गेम उघडते. आणि हे म्हणतात, मी असं कधी बोललोच नाही."

"नाहीच बोललो," चाचा म्हणाले.

केतकीला वाटलं, बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. गेममध्ये चाचांचा आवाज होता, पण तो भोपळा कसा धरायचा, कानस कशी चालवायची, एवढं सांगण्यापुरता. तिने त्यांचा फोन मागून घेतला, गेम उघडला आणि दोरा सरकवायला लागली. दोरा जागेच्या जवळ आला तसा घोडीभोवती हिरवा उजेड दिसायला लागला. जागेवर आला आणि उजेड पडदाभर पसरला. आणि चाचांचा आवाज, तोच खरखरीत, तोच किंचित दमलेला, म्हणाला, "वा बेटा."

 केतकीने फोनचा आवाज पूर्ण बंद केला आणि पुन्हा दोरा सरकवला. हिरवा उजेड आला. एकही तार न ऐकता तंबोरा लागला, गिऱ्हाईक येऊन घेऊनही गेलं. बहिऱ्या माणसाने गाण्याचं बक्षीस घरी न्यावं तसंच ते होतं.

"तुमच्या फोनवर असं नाही का?" बाईंनी विचारलं.

केतकीने स्वतःचा फोन दिला. त्यावर तिचा मूळ गेम होता, सहा वर्षं खपून तिने केला होता तसाच. बाईंनी दोरा इकडेतिकडे केला, पडद्याकडे बघत वाट पाहिली, पुन्हा केला.

"यात काहीच होत नाही की," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

त्या गेल्यावर चाचा बराच वेळ मांडीवरची घोडी फडक्याने पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

"मी बोललो नाही ते माझ्या तोंडात कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आवाजावरून यंत्राने बनवलंय, चाचा. मला खरंच माहीत नव्हतं."

"मी तुला कान दिला होता पोरी. तुम्ही लोकांनी माझी जीभपण नेली."

"चाचा, मी नाही केलं हे."

"नाव तुझं आहे त्याच्यावर," चाचा म्हणाले आणि कानस घेऊन कामाला लागले. त्यांनी पुन्हा वर बघितलं नाही. केतकी थोडा वेळ उभी राहिली आणि मग पायऱ्या उतरली.

कौस्तुभ घरी मटार सोलत बसला होता. केतकी चप्पल न काढता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"'वा बेटा' कुठून आलं?"

त्याचा हात थांबला. "तुला कोण भेटलं?"

ज्याला काही ठाऊक नसतं, तो माणूस आधी 'काय वा बेटा?' असं विचारतो.  केतकी खुर्चीवर बसली.

"सगळं सांग," ती म्हणाली. "हातचं राखून नको."

मग त्याने सांगितलं. संक्रांतीच्या आधी आठवडाभर झलक लोकांपुढे ठेवली होती. दोन हजार तीनशे चाळीस माणसांनी ती बघितली. ओढमापीने प्रत्येकाचा आकडा दिला. सत्तरच्या वर गेलेली माणसं होती सात.

"सात?"

"मी तीनदा मोजलं गं. कॅमेऱ्याची चूक असेल म्हणून सगळं खोलून तपासलं. सातच होते. बाकीच्यांचा आकडा पंधरा, वीस, पंचवीस. तुझा गेम लोकांना आवडतो, केतकी. छान आहे म्हणतात सगळे. पण ओढ लागत नाही."

"मग सात म्हणायचं मला."

"कोणत्या तोंडाने म्हणू? त्या तीनशे कोडांनंतर तुझी काय अवस्था झाली होती ते मी बघितलंय."

"मी दहा मागितले होते, कौस्तुभ. पाचशे मागितले नव्हते."

तो मटारांकडे बघत राहिला. मग त्याने पुढचं सांगितलं, आणि सांगताना, काय म्हणावं, त्याच्या आवाजात थोडी ऐटही आली. अंदाज खरा ठरवायचे दोन रस्ते असतात. एक, वस्तूला साजेसा माणूस शोधायचा. दोन, वस्तूच माणसाच्या मापाची करायची. ओढमापी होतीच हाताशी. त्याने तिला उलटी चालवली. आधीचे आकडे बाजूला ठेवून सगळ्यांना दुसऱ्यांदा झलक दाखवली, पण या वेळी झलक बघणाऱ्यागणिक बदलत होती. एकाला उजेड दाखवला, बाहुली हलली नाही, तर शाबासकी ऐकवली. तीही नाही चालली तर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत पाणी आणलं, नाहीतर दुसऱ्या खेळाडूंची चढाओढ लावली. ज्याची बाहुली ज्याने मोठी झाली ते त्याच्या गेममध्ये घातलं. पाचशे माणसांना त्याने पाचशे वेगळे गेम दिले होते. केतकीचा त्यांत एकही नव्हता.

"आणि ती पत्रं?" केतकीने विचारलं.

"पत्रं खरी आहेत. माणसं खरी आहेत. खेळलीच ना ती? आनंद झाला ना त्यांना? कुणाचं काय नुकसान झालं सांग."

"खेळली काय पण?"

 केतकीला ती पत्रं एकेक करून आठवली. ती तिने छापून घेतली होती. वाईट दिवस असला की त्यातलं एखादं काढून वाचायची. आता तिला ती दुसऱ्याच्या घरची पत्रं चोरून वाचल्यासारखी वाटली आणि लाज वाटली.

मग तिच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो विचारायच्या आधीच तिला उत्तराची भीती वाटली.

"तू तरी खेळलायस ना रे? शेवटपर्यंत?"

"उघडलाय की. कितीदा तरी."

केतकीने टेबलावरचा त्याचा लॅपटॉप ओढला. तिला पासवर्ड ठाऊक होता. त्यांच्यात तसलं काही लपवायची पद्धत नव्हती, असं तिला आजवर वाटत होतं. ओढमापीचा तक्ता उघडला. कौस्तुभ शिस्तीचा माणूस, यंत्राची पहिली चाचणी त्याने स्वतःवरच घेतली होती आणि ती प्रामाणिकपणे नोंदवली होती. पहिली ओळ: कौस्तुभ वाटवे. ओढ, अकरा. सहा वर्षांत गेम उघडा ठेवल्याची एकूण वेळ, चौदा मिनिटं.

"तू रोज म्हणायचास, छान झालंय."

"तू इतकी जीव तोडून करत होतीस..."

"रोज विचारायचे मी तुला. दोऱ्याचा वेग बरा वाटतोय का, तिसरी तार फार लवकर येते का. तू सांगायचास. मी तू म्हणशील तसं बदलायचे. कशावरून सांगत होतास?"

पुढ्यातले दाणे आणि सालं कौस्तुभने एकत्रच करून टाकली होती.

तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. यंत्र फसवत नव्हतं, यंत्राने तर खरं तेच लिहून ठेवलं होतं. ज्याच्या खांद्यावर मान टाकून तिने सहा वर्षं काढली, तो त्या जागेपर्यंत एकदाही पोचला नव्हता, जिथे गेम गप्प होतो आणि माणूस ऐकायला लागतो. तिथे त्याला मोकळी जागा दिसली आणि त्याने ती भरून टाकली. आपण काय बुजवतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. परक्याने केलं असतं तर ती भांडली असती. घरच्याने केसाने गळा कापला, त्याला काय म्हणायचं?

"ते सात जण," ती म्हणाली. "त्यांना तरी माझा गेम दिलास ना?"

त्याने मान हलवली. ती होकाराची नव्हती.

"दुसऱ्या झलकेत त्यांची ओढ उतरली," तो म्हणाला. "काय बदलावं तेच यंत्राला सापडेना. उजेड दाखवला की आकडा खाली, शाबासकी दिली की आणखी खाली. चाळिसाच्या वर एकही गेला नाही. मग यादीत बसवायचे कसे?"

"त्यांना काय गेलं?"

"नकार. तोच, तू लिहिलेला."

तो मजकूर केतकीने स्वतः दोन दिवस खपून लिहिला होता. 'तुमचं मन आम्ही नीट ऐकलं. हा खेळ तुमच्यासाठी नाही, असं ते सांगतंय. वाईट वाटून घेऊ नका.' कुणाला टोचू नये म्हणून तिने त्यातला एकेक शब्द निवडून घातला होता.

"त्यांची नावं दे," ती म्हणाली.

"केतकी, ऐक तरी. पुढच्या आठवड्यात बंगळूरची सही आहे. आत्ता हे बाहेर गेलं तर..."

"ओढमापी तुझी, तिचं तू बघ. गेम माझा आहे. नावं दे."

त्याच संध्याकाळी तिने 'जवारी' सगळीकडून उतरवला. पाचशे जणांना खरं काय ते लिहिलं, माफी मागितली आणि सोबत मूळ गेम पाठवला. तिला वाटलं, माणसं चिडतील, आपल्याला फसवलं म्हणतील. चिडली खरी, पण ती भलत्याच गोष्टीवर. आमचा हिरवा उजेड परत द्या, असं एकाने लिहिलं. इचलकरंजीच्या बाईंनी लिहिलं, तुम्ही माझ्या उस्तादांना माझ्यापासून तोडलंत, असं वागणं बरं नव्हे. आठवडाभरात दोनशेवर पत्रं आली आणि सगळ्यांचा सूर एकच, दगा केतकीने दिला. मूळ गेम शेवटपर्यंत कुणीही नेला नाही. कौस्तुभ सांगलीला भावाकडे राहायला गेला. केतकीने जा म्हटलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नाही.

सात जणांना तिने पत्रं पाठवली नाहीत. फोन केले. दोन नंबर बंद होते. साताऱ्याच्या एका माणसाला गेमच आठवेना. एका मुलीने, पाठवा, बघते, असं म्हटलं आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. पाचव्याला वाटलं, कुणीतरी काहीतरी विकतंय. सहाव्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की, हल्ली मी गेम खेळत नाही, माझी त्यातली समज कमी आहे असं दिसतं. केतकी त्यालाही, पाठवते तरी, असं म्हणाली. तो म्हणाला, कशाला.

सातवं नाव होतं इंदुमती गायधनी, नाशिक. वय चौऱ्याहत्तर. मूळ झलकेवरचा त्यांचा आकडा सत्त्याण्णव होता, सगळ्यांत वरचा.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. आवाज स्वच्छ होता, एकेक अक्षर सुटं. केतकीने नाव सांगितलं, गेमचं नाव सांगितलं, आणि बाई म्हणाल्या, "हो तर, तो तारांचा. आठवतो ना."

"तुम्हाला अजून आठवतो?"

"मी टेलिफोन खात्यात होते हो. बत्तीस वर्षं कानाला हेडफोन. तेव्हा ट्रंक कॉल जोडायचा तर पलीकडचा माणूस बोलायच्या आधी लाईनीत एक गुणगुण यायची. प्रत्येक गावच्या लाईनीची वेगळी. धुळ्याची वेगळी, जळगावची वेगळी. मी नुसती ऐकून सांगायचे, लाईन लागली की नाही ती. बाकीच्या मुली बोर्डावरच्या दिव्याकडे बघायच्या. मला दिव्याची गरजच पडायची नाही." त्या थोडं हसल्या. "तुमच्या त्या झलकेत तसलीच गुणगुण ऐकली. तीस वर्षांनी ऐकली. मी नातवाला म्हटलं, मला हा खेळ घेऊन दे, मी दुसरं काही मागत नाही."

 इतकी वर्षं केतकी ज्या माणसासाठी दोरा केसभर सरकवत बसली होती, ते माणूस फोनवर बोलत होतं.

"तुम्हाला चुकून नकार गेला," ती म्हणाली. "चूक आमची होती. माझी होती. गेम तुमच्यासाठीच होता. मी आत्ता पाठवते, नातवाला सांगा फोनमध्ये घालून द्यायला."

"चुकून होय?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मशीन म्हणतंय म्हणजे असेल तसंच. मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, बघ इंदू, तुला उगाच वाटतं आपल्याला फार कळतं. त्यानंतर रेडिओवर गाणं लागलं तरी मी जरा बिचकूनच ऐकते."

"नाही हो, तसं काही नाही. पाठवू ना?"

"पाठवा की. पण एक विचारू का? तार बरोबर लागली की तुमचा खेळ सांगतो ना तसं?"

केतकीने डोळे मिटले. "नाही," ती म्हणाली. "ते तुम्हीच ठरवायचं. तुमच्या कानाने."



"मग राहू द्या हो," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "माझ्या कानाचं काही खरं नाही. तुम्हीच तर कळवलं होतंत."